निकामी ब्रेकचा धनी कोण?

'ब्रेक निकामी झाल्याने मालमोटारीवरील चालकाचा ताबा सुटला.' मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला हे वाक्य इतके परिचयाचे झाले आहे की, त्यात कर्ता नाही ही गोष्ट त्याच्या ध्यानातही येत नाही. ब्रेक आपोआप निकामी होतात, ताबा आपोआप सुटतो आणि माणसेही जणू आपोआप मरतात. वीज कोसळावी तसे ब्रेक निकामी झाले! पुढच्या ओळीत चालकाला अटक झाल्याचे किंवा तो पळून गेल्याचे वृत्त असते आणि तेथे प्रकरण मिटते. गाडी कोणाच्या मालकीची, माल कोणाचा, ती रस्त्यावर आणण्यास योग्य असल्याचा दाखला कोणी दिला, याचा पत्ता त्या बातमीत लागत नाही.

पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंत महामार्गाचा लांबच लांब उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री या उतारावर एका मालमोटारीने ४८ वाहनांची मोडतोड केली. प्रथम ब्रेक निकामी झाल्याचे सांगण्यात आले. पुढे तपासात निघाले ते असे की, डिझेल वाचविण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते. ४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे मुंबई-आग्रा महामार्गावर एक कंटेनर वाहनांना धडकत उपाहारगृहात घुसला आणि किमान दहा माणसे प्राणास मुकली. तेथेही कारण सांगण्यात आले ते ब्रेकचेच. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी पुन्हा नवले पुलाचा उतार, पुन्हा अवजड कंटेनर. या वेळी दोन जड वाहनांच्या मध्ये एक मोटार चिरडली, आग भडकली आणि किमान सात जणांचा बळी गेला. प्रत्येक अपघातानंतर मंत्र्यांची भेट झाली, वेगमर्यादा खाली आणण्याच्या घोषणा झाल्या, डांबरावर पांढरे पट्टे उमटले. पट्ट्यांनी ब्रेक दुरुस्त होत नाहीत, एवढे साधे सत्य मात्र कोणी उच्चारले नाही.

ब्रेक कसे मरतात

या प्रश्नाची चर्चा हळहळीच्या पातळीवरून वर न्यायची असेल, तर ब्रेक म्हणजे काय हे आधी समजून घेतले पाहिजे. जड मालमोटारीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिनाच्या बळावर फिरणारा कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरीत असतो. चालकाने पाय दाबला की ती हवा चाकाजवळच्या चेंबरमध्ये शिरते, तेथील दांडा पुढे सरकतो आणि ड्रमच्या आत लायनर घासून चाक थांबते. हे लायनर झिजतात. ते झिजले की दांड्याला अधिक अंतर जावे लागते; म्हणून अ‍ॅडजस्टर वेळोवेळी तपासावे लागतात. हवेबरोबर टाकीत पाणी साठते, ते नियमाने काढावे लागते. रबरी नळ्यांना भेगा पडतात, त्या बदलाव्या लागतात. यात विज्ञानाचे कोणतेही गूढ नाही. एक पाना, एक जाणता मिस्त्री आणि गाडी उभी ठेवण्याची मोकळीक, एवढेच त्याला लागते.

यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत महाग आहे.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरले की ड्रम तापतात आणि तापलेला लायनर पकड सोडतो. म्हणूनच ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम आहे. गाडीचा भार इंजिनाने पेलायचा, ब्रेकने केवळ हात द्यायचा. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की इंजिनाचा आधार जातो आणि सारा भार ब्रेकवर येतो. इंजिनच बंद केले तर कॉम्प्रेसरही थांबतो. मग प्रत्येक वेळी पाय दाबताना टाकीतली हवा कमी होत जाते, स्टिअरिंग दगडासारखे जड होते, आणि पंचवीस-तीस टनांचे धूड केवळ उताराच्या मर्जीवर धावू लागते. हे चालकाला ठाऊक नसते असे नाही. मग तो तसे का करतो?

तो तसे करतो, कारण डिझेल मोजून दिलेले असते. अमुक फेरीला अमुक लिटर, असा हिशेब अनेक मालकांकडे ठरलेला असतो. 'अ‍ॅव्हरेज' कमी पडले तर तूट चालकाच्या पगारातून कापली जाते आणि वाचले तर तेवढेच त्याच्या खिशात पडते. फेरीवर पगार, फेरीवर भत्ता आणि डिझेलच्या बचतीवर चार पैसे, अशी ज्याची कमाई आहे, त्याला कात्रजचा उतार मृत्यूचा सापळा दिसत नाही. दिवसभरात फुकट मिळालेले तेवढेच काही किलोमीटर दिसतात. त्याची ही चूक अक्षम्य आहे, यात वाद नाही. परंतु चूक करण्याचे बक्षीस ज्याने ठरविले त्याची चूक कोणत्या कलमाखाली येते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दोन हप्ते आणि दोन तहकुबी

आता मालकाकडे वळू. मालमोटारीचा मालक म्हटले की शेकडो गाड्यांचा धनी डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात या देशातील मालवाहतुकीचा फार मोठा भाग दोन-चार गाड्यांच्या मालकांकडे आहे. त्यांतील पुष्कळ जण कालपर्यंत स्वतःच चालक होते आणि कर्ज काढून मालक झाले. अशा मालकाला दोन हप्ते भरावे लागतात. एक कर्ज देणाऱ्या कंपनीचा, दुसरा रस्त्यावरचा. पहिल्याची पावती मिळते, दुसऱ्याची मिळत नाही, एवढाच दोहोंत फरक. मालाची खेप त्याला थेट मिळत नाही. ती मोठ्या कंपनीकडून मोठ्या वाहतूकदाराकडे, तेथून दलालाकडे आणि दलालाकडून त्याच्याकडे येते. प्रत्येक पायरीवर कोणीतरी आपला वाटा काढून घेतो, आणि जो प्रत्यक्ष माल वाहून नेतो त्याच्या हाती भाड्याची शेवटची चोथापाणी उरते.

त्या उरलेल्या रकमेत त्याला काय काय भागवायचे आहे ते पाहावे. डिझेलचे पैसे पंपावर रोख द्यावे लागतात. टोलचे पैसे फास्टॅगमधून नाक्यावरच कापले जातात. कर्जाचा हप्ता चुकला तर वसुलीवाले गाडी ओढून नेतात. विमा व कर चुकविता येत नाहीत. या साऱ्या खर्चांत पुढे ढकलता येण्याजोग्या गोष्टी दोनच आहेत : गाडीची देखभाल आणि चालकाची झोप. लायनर आणखी एक फेरी चालतील, गुळगुळीत झालेला टायर आणखी एक महिना ओढेल, चालक आणखी एक रात्र जागेल. भाड्याच्या दरातील प्रत्येक घसरण या दोन तहकुबींतूनच भरून काढली जाते. ज्या दिवशी दोन्ही तहकुबींची मुदत एकाच उतारावर संपते, त्या दिवशी वृत्तपत्रात छापून येते : ब्रेक निकामी झाले.

याच काटकसरीत गाडीवरचा क्लीनर नाहीसा होत चालला आहे. शहरी वाचकाला क्लीनर म्हणजे काच पुसणारा पोरगा वाटतो. वास्तविक गाडीची रोजची देखभाल त्याच्याच हाती होती. थांबल्या थांबल्या टायर ठोकून पाहणे, हवेच्या टाकीतले पाणी काढणे, पाट्यांकडे नजर टाकणे, मागे घेताना बाजू सांगणे, चालकाला डुलकी लागली तर त्याला हलविणे, ही त्याची कामे. चालकाचा धंदाही तो तेथेच शिकत असे. त्याची मजुरी वाचविण्यात आली. त्याबरोबर गाडीकडे पाहणारे डोळे गेले आणि पुढच्या पिढीतील जाणत्या चालकांची शाळाही बंद पडली.

दाखल्याचे राज्य

यावर सरकारचे उत्तर तयार असते. कायदे आहेत, तपासणी आहे, दंड आहेत! मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५६ व्या कलमानुसार योग्यता प्रमाणपत्राशिवाय व्यापारी वाहन रस्त्यावर आणता येत नाही, हे खरेच आहे. परंतु या तपासणीला वाहतुकीच्या अड्ड्यावर 'पासिंग' म्हणतात, आणि तो शब्दच तिचे स्वरूप सांगून जातो. परीक्षा नको, उत्तीर्ण झाल्याचा कागद हवा. पासिंगच्या दिवसापुरते चांगले टायर भाड्याने आणून चढवायचे आणि संध्याकाळी उतरवायचे, हा प्रकार कोणत्याही अड्ड्यावर गुपित राहिलेला नाही. ब्रेक तपासण्यासाठी २५० मीटरचा मार्ग लागतो. तो नसतानाही परिवहन कार्यालये दाखले देत होती. अखेर मुंबई उच्च न्यायालयाला २०१६ साली एका जनहित याचिकेवर सरकारचे कान उपटावे लागले. ब्रेक लावून पाहायला जागाच नव्हती आणि ब्रेक उत्तम असल्याची सही-शिक्क्याची कागदपत्रे मात्र होती!

२०१८ साली केंद्र सरकारने दोन निर्णय घेतले. जुलैमध्ये मालमोटारींच्या भारवहनाची मर्यादा वाढविली. तीन आसांच्या गाडीची एकूण वजनमर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस आठ वर्षांपर्यंतच्या गाड्यांना दरवर्षीऐवजी दोन वर्षांतून एकदा तपासणी पुरेशी ठरविण्यात आली. ओझे वाढले आणि तपासणी विरळ झाली. दोन्ही निर्णय उद्योगाला दिलासा म्हणून जाहीर झाले. हा दिलासा कोणाच्या जीवावर, हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. पुढे यंत्रचलित तपासणी केंद्रांची घोषणा झाली. जड मालवाहनांसाठी ती १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची होणार होती. तारीख उलटण्यापूर्वीच ती १ ऑक्टोबर २०२४ वर ढकलण्यात आली. तहकुबीचा रोग केवळ छोट्या मालकालाच जडलेला नाही.

राहिला दंड. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भार वाहण्याचा किमान दंड २,००० रुपयांवरून २०,००० रुपयांवर नेला आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये ठेवले. दंड दसपट झाला. भाडे किती पट झाले? ज्या व्यवस्थेत जादा भार घातल्याशिवाय फेरी परवडत नाही, तेथे दसपट दंडाने भार हलका होत नाही. पावती टाळण्याचा भाव तेवढा वाढतो.

चालकाला तुरुंग, मालधन्याला मोकळीक

भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमात, अपघातात माणूस दगावल्यावर पोलिसांना न कळविता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करण्यात आली. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरच्या चालकांनी गाड्या उभ्या केल्या. पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या आणि सरकारला बोलणी करावी लागली. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवण्यात आले. असंघटित म्हणून हिणविल्या गेलेल्या कामगारांचे हे सामर्थ्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तथापि त्या आंदोलनाची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अपघातात जखमी झालेल्याला रस्त्यावर टाकून पळणे हा गुन्हा आहे आणि राहिला पाहिजे. जमावाच्या मारहाणीचे भय खरे असले, तरी त्यावरचा उपाय चालकाला संरक्षण देणे हा आहे. मरणाऱ्याला वाऱ्यावर सोडणे हा नाही. 'आम्हाला शिक्षा नको' एवढ्यावरच चळवळ थांबली, तर ती मालकांच्याच पथ्यावर पडेल. चालकांची मागणी 'खऱ्या अपराध्यालाही पिंजऱ्यात उभे करा' अशी असावयास हवी होती.

त्यासाठी कायद्यात जागा नाही असेही नाही. १९८८ च्याच अधिनियमाचे १९० वे कलम सदोष वाहन चालविणाऱ्यालाच नव्हे, तर ते चालवावयास लावणाऱ्याला व चालवू देणाऱ्यालाही अपराधी मानते. दोष माहीत नव्हता ही सबब तेथे चालत नाही. साधी काळजी घेतली असती तर तो कळला असता, एवढे पुरे आहे. जादा भाराबाबत तर, चालक स्वतः मालक नसेल तेव्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकुमानेच गुन्हा घडला असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, अशी सोय ११३ व्या कलमात आहे. शस्त्र म्यानात आहे. ते मालकावर व मालधन्यावर उपसण्याचे धैर्य पोलीस ठाण्यात नाही आणि मंत्रालयात त्याहून नाही.

उलट, कामगाराचे होते ते संरक्षणही काढून घेण्यात आले. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाचे ८ तास व आठवड्याचे ४८ तास काम, आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. पाच किंवा अधिक कामगारांच्या प्रत्येक वाहतूक व्यवसायाला तो लागू होता. अंमलबजावणी कागदावरच राहिली हे खरे. पण निदान कागद होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने तो कायदा पोटात घेतला आणि पाचाचा उंबरठा दहावर नेला. दोन-चार गाड्यांच्या मालकांनी भरलेल्या व्यवसायात दहाचा उंबरठा ठेवणे, म्हणजे चालकाच्या झोपेला कायद्याने वाऱ्यावर सोडणे होय.

हा प्रश्न कोणाचा?

रस्तासुरक्षा हा मोटारवाल्या मध्यमवर्गाचा प्रश्न आहे, अशी समजूत पुरोगामी वर्तुळातही आढळते. ती साफ चुकीची आहे. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरील सुमारे ४४ टक्के व पायी चालणारे सुमारे १९ टक्के होते. म्हणजे मरणाऱ्यांत जवळजवळ दोन तृतीयांश माणसांभोवती पत्र्याचे कवचही नव्हते. पाळी संपवून घरी निघालेला कामगार, दूध घालायला निघालेला शेतकरी, रस्ता ओलांडणारी मोलकरीण, ही ती माणसे. त्याच आकडेवारीत सत्तर टक्क्यांहून अधिक अपघात 'अतिवेग' या सदरात जमा आहेत. उतारावर ब्रेक गेलेली गाडी वेगाने धावणारच. ती नोंद अतिवेगात पडली की गाडीचा दोष चालकाच्या नावावर चढतो, आणि तिची शेवटची दुरुस्ती कधी झाली हे विचारण्याचे कारणच उरत नाही.

मग करावे काय? याचे उत्तर शोधण्यासाठी महाराष्ट्राला फार दूर जावे लागत नाही. एक मालक नाही, एक कारखाना नाही, आज या पेढीवर तर उद्या त्या धक्क्यावर, अशा हमाल-माथाड्यांना कायद्याचे संरक्षण देताच येणार नाही, असे एकेकाळी शहाणी माणसे म्हणत होती. अण्णासाहेब पाटील व बाबा आढाव यांच्यासारख्यांनी त्यांच्या संघटना उभ्या केल्या आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने त्या शहाणपणाला उत्तर दिले. कामगाराची नोंद मंडळाकडे, माल ज्याचा त्याने मजुरी व त्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि मंडळाने मजुरी, भविष्यनिर्वाह व आजारपण पाहायचे. मालकांची पांगापांग हे कामगाराला वंचित ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही, हे त्या कायद्याचे सार आहे.

जी गोणी हमालाने गाडीत चढविली, त्या गोणीवर लेव्ही बसते. तीच गोणी घाट उतरवून नेणाऱ्या चालकासाठी मात्र तसे मंडळ नाही. ते झाले पाहिजे. माल पाठविणाऱ्या कंपनीने प्रत्येक भाड्यावर लेव्ही भरावी. त्यातून चालक-क्लीनरांना नियमित वेतन, विमा व निवृत्तिवेतन मिळावे आणि गाडीच्या देखभालीचा खर्च भाड्याच्या आत वेगळा राखला जावा. खर्चाखाली भाडे ठरविणे बेकायदा व्हावे. सदोष गाडी नेण्यास नकार देण्याचा अधिकार चालकाला मिळावा आणि त्या दिवसाची मजुरी बुडू नये. ब्रेक गेल्याने झालेल्या प्रत्येक प्राणघातक अपघातात गाडीचा देखभालीचा इतिहास, भाड्याचा करार आणि चालकाच्या जागरणाचे तास तपासले जावेत, आणि मालधनी कंपनीला जाब द्यावा लागावा.

ही स्वप्ने नाहीत. ब्राझीलने २०१८ च्या वाहतूक संपानंतर किमान भाड्याचा कायदा केला. दक्षिण कोरियात कंटेनर व सिमेंट वाहतुकीसाठी २०२० पासून तीन वर्षे 'सुरक्षित भाडे' कायद्याने ठरले होते. २०२२ मध्ये त्याची मुदत संपत आली, तेव्हा चालकांनी संप केला; तरीही वर्षाअखेर सरकारने ती संपू दिली. पुढे २०२५ मध्ये संसदेला ती पद्धत परत आणण्याचा कायदा करावा लागला. कमी भाडे आणि रस्त्यावरचे मरण यांचे नाते तेथील चालकांनी आकडेमोडीच्या आधी अनुभवाने ओळखले होते. येथील चालकांनीही ते ओळखले आहे. त्याला राजकीय भाषा देण्याचे काम मात्र बाकी आहे.

छोट्या मालकाचा कैवार घेऊन या मागण्यांना विरोध होईल, हे उघड आहे. त्या विरोधाने गांगरून जाण्याचे कारण नाही. आजच्या व्यवस्थेत छोटा मालक रोज मरतोच आहे. त्याने चालकाला पिळावे म्हणून त्याला पिळले जाते. लेव्ही मालधन्यावर बसली आणि भाड्याला खालची मर्यादा आली, तर सर्वांत आधी श्वास घेईल तो हाच मालक. त्याने कोणाच्या बाजूने उभे राहायचे हे त्याला समजावून सांगावे लागेल, आणि ते काम पत्रके काढून होणार नाही.

ते काम कळंबोलीच्या पोलाद बाजारात, निगडीच्या वाहतूकनगरीत आणि जिल्ह्याजिल्ह्यातील अड्ड्यांवर रात्री चहाच्या टपरीशी बसून करावे लागेल. एकेकाळी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची आणि पुण्याच्या हमालांची संघटना बांधणाऱ्या चळवळीला हे काम अपरिचित नाही. किती कार्यकर्त्यांनी गेल्या वर्षभरात एखाद्या मालमोटार चालकाला त्याचा पगार, त्याच्या कामाचे तास आणि त्याच्या गाडीचे लायनर केव्हा बदलले हे विचारले आहे, याचा हिशेब प्रत्येक शाखेने मांडावा. तो हिशेब शून्य येत असेल, तर नवले पुलावर पुढच्या वेळी मेणबत्त्या लावण्याचा अधिकार त्या शाखेला राहत नाही.